राज्यसभा राज्यांची करा

‘लोकांनी पाडलं की राज्यसभेत जायचं.’ सांगलीत मध्यंतरी एका महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. तिथे हे वाक्य चार वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून ऐकलं. विषय होता ‘राज्यसभा बरखास्त करावी’. बाजूने बोलणारे मागचं दार, घोडेबाजार आणि खर्च यांपलीकडे गेले नाहीत. विरुद्ध बोलणारे ‘ज्येष्ठांचं सभागृह’, ‘लोकशाहीचं भूषण’ असलं पाठांतर म्हणून दाखवत होते. विषय ठरवणाऱ्यांचीही गफलत झाली होती. विसर्जित होते ती लोकसभा. राज्यसभा स्थायी आहे, तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि सभागृह चालू राहतं. ते मोडायचं तर घटनाच बदलावी लागेल. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. ज्या सभागृहाच्या नावातला पहिला शब्द ‘राज्य’ आहे, त्याच्यावर दोन तास वाद झाला आणि राज्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. टीव्हीवरच्या चर्चांत आणि कट्ट्यावरच्या गप्पांतही हेच चाललेलं असतं. मला वाटतं, राज्यसभा बंद करणं ही सांगली-साताऱ्यासारख्या भागाने स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड ठरेल. आणि आज आहे तशी ती ठेवणं हेही आपल्या हिताचं नाही. ती राज्यांची सभा म्हणून निर्माण झाली, हळूहळू पक्षांची सभा झाली. भांडायचं असेल तर ती राज्यांकडे परत आणण्यासाठी भांडावं.

मागच्या दाराचा आक्षेप खोटा नाही. साताऱ्यात तर तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे भोसले हरले आणि पुढच्याच वर्षी राज्यसभेवर गेले. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांना आपल्या मताची किंमत शून्य झाल्यासारखं वाटलं असेल, तर त्यांना दोष कसा देणार? पुढे २०२४ मध्ये त्याच मतदारसंघाने त्यांना लोकसभेत निवडून दिलं हेही खरं, पण त्याने मूळ प्रश्न मिटत नाही. प्रश्न असा, की एका मतदारसंघाने नाकारलेल्या माणसाला संसदेत जागा असावी का?

याचं उत्तर साताऱ्याच्याच एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत ज्याचं नाव घातलं गेलं आणि ज्याच्यामुळे तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी पाडलं. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. १९५२ पासून निधनापर्यंत ते संसदेत होते, ते राज्यसभेचे सदस्य म्हणून. १९५३ साली आंध्र राज्याच्या विधेयकावर ते तिथूनच बोलले. १९५४ साली परराष्ट्र धोरणावर सरकारला त्यांनी सुनावलं तेही तिथूनच. ‘पडलेल्याला संसदेत जागा नको’ हा नियम १९५२ साली असता, तर घटनेचा शिल्पकार त्या घटनेखाली निवडलेल्या पहिल्याच संसदेबाहेर राहिला असता. एखाद्याने निवडणूक हरणं आणि त्याच्याकडे देशाला सांगण्यासारखं काही नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार मागचं आहे म्हणून बुजवायचं, की त्या दारातून कोण आत येतं याची चौकशी करायची? मला दुसरा मार्ग बरोबर वाटतो, आणि त्या चौकशीचा अधिकार राज्यसभेचे सदस्य निवडणाऱ्या आपल्याच आमदारांकडे आहे. त्यावर शेवटी बोलतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांनी निवडलेल्या सरकारच्या आड अप्रत्यक्ष निवडून आलेले लोक का यावेत? याची दोन मोठी उदाहरणं दिली जातात आणि दोन्ही आपल्या मातीशी जोडलेली आहेत. पहिलं संस्थानिकांच्या तनख्यांचं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही सगळी एकेकाळची संस्थानं. त्यांच्या अधिपतींना विलीनीकरणाच्या करारांप्रमाणे तनखे, म्हणजे सरकारी तिजोरीतून दरवर्षी ठरावीक रक्कम, मिळत. ते रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक १९७० साली लोकसभेत मांडलं ते यशवंतराव चव्हाणांनी, म्हणजे देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कराडात वाढलेल्या आपल्याच माणसाने. लोकसभेत ते दोन तृतीयांशाहून अधिक मतांनी मंजूर झालं. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मतं पडली. घटनादुरुस्तीला लागतात दोन तृतीयांश मतं, आणि २२४ चे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एका मताला विधेयक कोसळलं. सातारा जिल्ह्याने ब्रिटिश राजवटीला आव्हान देणारं पत्रीसरकार पाहिलेलं होतं. इथल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

पण पुढे काय झालं तेही पाहावं लागेल. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द ठरवला. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली आणि प्रचंड बहुमत घेऊन आलेल्या सरकारने त्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे रद्द केले. म्हणजे राज्यसभेने निर्णय मारला नाही, लांबवला. त्या सव्वा वर्षात सरकारला लोकांपुढे जावं लागलं. घटनेचा शब्द, तोही लेखी कराराने दिलेला, मोडायचा असेल तर लोकांना पुन्हा विचारून मोडावा, यात काय वाईट झालं? तनखे जायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते लोकांचा कौल घेऊन गेले याचं मला मोल वाटतं.

दुसरं उदाहरण मला स्वतःला अडचणीत टाकणारं आहे. पंचायत राज्याला घटनेत स्थान देणारं चौसष्टावं दुरुस्ती विधेयक ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेतच थोडक्या मतांनी पडलं. त्यात महिलांसाठी राखीव जागा होत्या. तेव्हा ते मंजूर झालं असतं तर देशभरातल्या लाखो बायका काही वर्षं आधी सदस्य आणि सरपंच झाल्या असत्या. ही किंमत लहान नव्हती आणि ती राज्यसभेच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. मात्र विरोध करणाऱ्यांचा आक्षेप बायकांना नव्हता. राज्यांना वळसा घालून दिल्ली थेट गावाशी व्यवहार करू पाहते आहे, हा होता. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीला दोन्ही सभागृहांनी आणि निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिली, आणि ती तीन दशकांनंतरही पक्की उभी आहे. शिवाय महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आहेत. आपल्या राज्याने ते स्वतःच्या कायद्याने, दिल्लीच्या तीस वर्षं आधी केलं होतं. तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते. राज्यं मागासलेली आणि केंद्र पुढारलेलं, हा समज निदान कृष्णाकाठच्या माणसाने तरी बाळगू नये.

राज्यांना विचारल्याशिवाय दिल्लीने ठरवू नये, हे नुसतं तत्त्व नाही. त्याची झळ मी घरात पाहिली आहे.

२०१३ नंतरची गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या विकास सोसायटीची वार्षिक सभा. मारुतीच्या देवळासमोर मांडव, सतरंज्या, पुढच्या रांगेत संचालकांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. अहवाल, नफा-तोटा, लाभांश हे विषय ‘मंजूर, मंजूर’च्या आवाजात सरकले. मग पोटनियम दुरुस्तीचा विषय आला. यापुढे सभासद दोन प्रकारचे, क्रियाशील आणि अक्रियाशील. पाच वर्षांत किमान एका वार्षिक सभेला हजर नसेल, संस्थेची किमान सेवा घेतली नसेल, तर तो अक्रियाशील आणि त्याला मतदानाचा हक्क नाही. माझे चुलते तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. दहा वर्षांत त्यांनी सोसायटीचं एक रुपयाही कर्ज उचललं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, ‘सोसायटी काढताना माझ्या बाचं नाव पहिल्या यादीत हाय. मी कुणाचं देणं लागत न्हाई, म्हणून मला मत न्हाई? हे ठरवलं कुणी?’ सचिव बिचारे अदबीने म्हणाले, ‘तात्या, वरनं आलंय.’ ‘वरनं म्हंजे? मंबईवरनं?’ ‘न्हाई, दिल्लीवरनं.’ तात्या थोडा वेळ उभेच राहिले. मग खाली बसले. विषय मंजूर झाला.

सचिवांनी सांगितलं ते बरोबर होतं. सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती डिसेंबर २०११ च्या अखेरीस लोकसभेत आणि पाठोपाठ राज्यसभेत मंजूर झाली. संचालक एकवीसपेक्षा जास्त नकोत, निवडणूक वेळच्या वेळी व्हावी, सभासदाने किमान सेवा घ्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. महाराष्ट्राने आपला सहकार कायदा तिला जुळवून घेण्यासाठी २०१३ मध्ये बदलला. तिच्यातल्या काही तरतुदी चांगल्याही होत्या. संचालक मंडळावर वर्षानुवर्षं निवडणूकच न होणं हा आपल्या साखरपट्ट्यातला जुना रोग आहे आणि त्यावर औषध हवंच होतं. पण सहकारी संस्था हा विषय घटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत आहे. राज्याच्या अखत्यारीतल्या विषयाला हात घालणारी दुरुस्ती करायची तर ३६८ व्या कलमाप्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. ती घेतली गेली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये याच कारणासाठी राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरती ती दुरुस्ती रद्दबातल ठरवली. तात्या तोवर गेले होते.

आता सांगा, हा दोष राज्यसभा असण्याचा की राज्यसभेने आपलं काम न करण्याचा? ‘हा विषय राज्यांचा आहे, राज्यांना विचारलं का?’ हा प्रश्न विचारून अडून बसणं, याचसाठी तर ती सभा आहे. महाराष्ट्रातले १९ सदस्य तिथे असताना, आणि सहकाराच्या जिवावर ज्यांचं राजकारण उभं राहिलं असे पक्ष तिथे असताना, ते विधेयक राज्यांच्या मान्यतेविना पुढे गेलं. पहारेकरी झोपला म्हणून घराचा दरवाजाच काढून टाकायचा नसतो. आणीबाणीचं उदाहरणही असंच आहे. १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती लोकसभेने केली आणि राज्यसभेनेही नऊ दिवसांत तिच्यावर शिक्का मारला. विरोधी नेते तुरुंगात होते, हे खरं. तरीही सर्वांत कठीण परीक्षेत हे सभागृह नापास झालं, हे त्याच्या समर्थकांनी मान्य केलं पाहिजे. मात्र तोच तर्क लावायचा तर त्या परीक्षेत लोकसभाही नापास झाली होती. ती बंद करा असं कुणी म्हणत नाही.

राज्यसभेला टाळलं की काय होतं, याचे धडेही ताजे आहेत. २०२० चे कृषी कायदे घ्या. बाजार समिती हा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांशी थेट संबंध असलेला विषय, शेती आणि बाजार हे राज्यसूचीतले. अध्यादेश जूनमध्ये निघाले. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विधेयकं बारकाईने तपासणाऱ्या प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी झाली, मतविभागणी म्हणजे मतांची मोजणीही मागितली गेली. गोंधळात ती न घेता आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर झाल्याचं जाहीर झालं. त्या कायद्यांचं काय झालं? वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसून राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच कायदे मागे घेतले गेले. बाजार समित्यांमध्ये सुधारणा हवी असं मानणारा मीही आहे. अडत, तोलाई, हमाली यांत शेतकरी कसा नाडला जातो ते मी लहानपणापासून पाहतो. म्हणूनच मला वाटतं की त्या विधेयकांवर प्रवर समितीत सहा महिने खल झाला असता, तर त्यातलं जे चांगलं होतं ते आज शिल्लक असतं. आधार विधेयकाची कथा वेगळी पण जातकुळी तीच. २०१६ मध्ये ते धन विधेयक म्हणून आणलं गेलं, आणि धन विधेयकावर राज्यसभेच्या हाती फक्त चौदा दिवस आणि सूचना करण्याचा अधिकार असतो. तिने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात बहुमताने ते ग्राह्य धरलं, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र भिन्नमत नोंदवून ते घटनेशी विसंगत ठरवलं.

मग ही सभा राज्यांची कशी करायची? दोन गोष्टी मला तातडीच्या वाटतात. पहिली, रहिवासाची अट. २००३ पर्यंत ज्या राज्यातून निवडून जायचं त्या राज्याच्या मतदार यादीत नाव असावं लागे. तेव्हाही पळवाटा होत्याच, पण निदान लाजेखातर घर दाखवावं लागे. २००३ मध्ये ती अट काढली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. वैध असेल, पण योग्य आहे का? ज्याला जत तालुक्यातला दुष्काळ आणि शिराळ्यातला पाऊस एकाच जिल्ह्यात असतो हे माहीत नाही, त्याने महाराष्ट्राचं काय बोलावं?

दुसरी गोष्ट पक्षादेशाची, म्हणजे व्हिपची. याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्याने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर त्याची जागा जाऊ शकते. त्यामागचा हेतू सरकारं पाडापाडीला आळा घालण्याचा होता. पण केंद्रातलं सरकार जबाबदार असतं ते लोकसभेला. राज्यसभेत अविश्वास ठराव येतच नाही. तिथे एखादं विधेयक पडलं म्हणून कोणतंही सरकार पडत नाही. मग ज्या सभागृहात सरकार पाडताच येत नाही, तिथल्या सदस्याच्या मानेवर ही तलवार कशासाठी टांगली? राज्यसभेतल्या सदस्याला निदान राज्यसूचीशी आणि राज्यांच्या अधिकाराशी संबंधित विधेयकांवर पक्षादेशातून मोकळं केलं, तर तो आपल्या राज्याकडे पाहून मत देईल. सगळे देतील असं नाही. चार-दोघांनी दिलं तरी पुष्कळ. १९७० चं विधेयक एका मतावर अडलं होतं.

यावर कुणी म्हणेल, राज्यांची सभा म्हणता, पण तिथे उत्तर प्रदेशाला ३१ आणि सिक्कीमला १ जागा. लोकसंख्येचंच गणित असेल तर लोकसभा काय वाईट? आक्षेप रास्त आहे. लहान राज्यांना जास्त जागा द्याव्यात या मताचा मी आहे, महाराष्ट्राच्या एक-दोन कमी झाल्या तरी चालेल. न्यूझीलंडने १९५० साली दुसरं सभागृह मोडलं आणि त्यांचं काही बिघडलं नाही, हेही सांगितलं जातं. पण तो एकाच सरकारचा लहान देश, तिथे राज्यंच नाहीत. आपल्याकडे सांगलीच्या पुढे तीस-चाळीस किलोमीटरवर दुसरं राज्य, दुसरी भाषा आणि दुसरं सरकार सुरू होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी चढत होतं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी दोनच नावं होती, वर कोयना धरण आणि खाली कर्नाटकातलं अलमट्टी. अलमट्टीमुळे आपल्याकडे किती फुगवटा येतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मी त्यातला जाणकार नाही. पण कोणत्या दिवशी कुठल्या धरणातून किती पाणी सोडायचं, यावर दोन राज्यांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून बोलायला हवं, हे सांगायला जाणकार लागत नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र या कृष्णाखोऱ्यातल्या चार राज्यांचे मिळून ४९ सदस्य राज्यसभेत एकाच छताखाली बसतात. एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या ठिकाणी नियमाने, समोरासमोर, नोंद ठेवून बसतात? पाणीवाटपाच्या लवादापुढे वकील बोलतात, तेही वर्षानुवर्षं. या ४९ जणांची स्थायी समिती करायला कोणती घटनादुरुस्ती लागते? कुठलीच लागत नाही.

दुसरं सभागृह निरुपयोगी म्हणणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मित्रांना आणखी एक नाव आठवून देतो. वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. निवांत पद, मानाचं पद. त्या पदावर बसून त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक प्रयोग करून पाहिला, मागेल त्याला काम देण्याचा. त्यातून राज्याची रोजगार हमी योजना आली, १९७२ च्या दुष्काळात तिने घरं जगवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. निवडणुकीच्या धबडग्यापासून थोडं लांब असलेल्या माणसाला असा विचार करायला सवड मिळते. ही सवड वाया घालवणारेही पुष्कळ असतात. पागे एखादाच. पण तो एखादा जिथून आला ती जागाच उरली नाही तर?

म्हणून आता आमदारांकडे वळतो. महाराष्ट्रातून दर दोन वर्षांनी राज्यसभेच्या सहा-सात जागा भरल्या जातात. मतदार असतात विधानसभेचे २८८ आमदार. जून २०२२ मध्ये सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले तेव्हा आमदारांना हॉटेलांत ठेवलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मतदान खुलं असतं. आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. आपल्याला दाखवत नाही, कारण आपण कधी मागितलीच नाही. सांगली जिल्ह्यात आठ आणि सातारा जिल्ह्यात आठ आमदार आहेत. रस्त्याचं, पाण्याच्या आवर्तनाचं, दाखल्याचं काम घेऊन आपण त्यांच्या दारात जातोच. पुढच्या निवडणुकीआधी जाल तेव्हा कामाचा कागद त्यांच्या हातात देता देता एवढं विचारा: राज्यसभेला मत कुणाला देणार आहात, तो माणूस महाराष्ट्रात राहतो का, आणि सहकाराचा किंवा बाजार समितीचा कायदा पुन्हा दिल्लीत आला तर तो उभा राहून काय बोलणार आहे?